छोट्या उपग्रहांचा डेटा उतरवून आपल्या डोक्यावरच्या हवेचा आलेख कसा काढायचा

शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मी मोठ्या हौसेने एक आलेख पडद्यावर टाकला होता. जुलै महिन्यातलं कोकणावरचं तापमान, उंचीप्रमाणे. खाली जाडजूड अक्षरांत लिहिलेलं, ‘उपग्रहाने मोजलेलं’. मागच्या रांगेतल्या एका मॅडमनी हात वर केला. "सर, दोन किलोमीटरवर उणे तीस दाखवताय. माथेरानच्या जरा वर बर्फ पडतोय का?"

सगळा हॉल हसला, मीही हसलो, पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच घोळत होतं. उपग्रह ठीक होता, फाइल खरी होती, आलेख काढण्यातही चूक नव्हती. चुकलं एवढंच की उपग्रहाने जे मोजलेलंच नव्हतं ते मी त्याच्या नावावर खपवत होतो. पुढचे चार महिने संध्याकाळी बसून हा गुंता सोडवला. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, हवामानशास्त्रज्ञ नाही. म्हणूनच कदाचित नवख्या माणसाची गाडी कुठे अडते ते मला ताजं आठवतंय. बारावीचं फिजिक्स आणि एक बरा कॉम्प्युटर असेल तर खाली दिलेल्या क्रमाने गेलात तर दोन रविवारांत पहिला धड आलेख हातात येईल.

१. आधी समजून घ्या: उपग्रहाने नेमकं मोजलं काय?

ही पायरी गाळून थेट डाउनलोडकडे जाऊ नका. मी तेच केलं होतं.

अलिबागच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघताना सूर्य क्षितिजाला टेकलेला दिसतो, तेव्हा खरं तर तो क्षितिजाखाली गेलेला असतो. हवेतून येताना प्रकाश साधारण अर्धा अंश वाकतो आणि आपल्याला तो अजून वर असल्यासारखा दिसतो. आता सूर्याच्या जागी जीपीएसचा उपग्रह ठेवा, आणि तुमच्या जागी साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणारा एक छोटा उपग्रह. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत रेडिओ लहरी सोडत असतात. छोटा उपग्रह पुढे पळत असताना जीपीएसचा उपग्रह त्याच्या दृष्टीने पृथ्वीआड मावळतो किंवा उगवतो. त्या मिनिट-दोन मिनिटांत रेडिओ लहर हवेचा एकेक थर कापत येते. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत प्रकाश हवेत शिरून तिथेच थांबतो. इथे लहर हवेत शिरते आणि पलीकडून बाहेरही पडते, त्यामुळे जमिनीलगत ती जवळपास दुप्पट, म्हणजे एक अंशापर्यंत वाकते.

पंचांगात चंद्राने रोहिणीला झाकलं की त्याला पिधान म्हणतात. हेही पिधानच, फक्त रेडिओचं. ही युक्ती आधी वापरली गेली ती परग्रहावर. जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ हे यान मंगळाच्या मागे गेलं, त्याच्या रेडिओ लहरी मंगळाच्या हवेतून आल्या, आणि तिथला हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी आहे हे त्यातून कळलं. पृथ्वीसाठी जीपीएस वापरून हा प्रयोग १९९५ मध्ये झाला.

तर उपग्रह मोजतो ती वेळ. लहरीला यायला किती उशीर झाला, बस. त्या उशिरातून वाकण्याचा कोन काढतात, कोनातून हवेची अपवर्तनक्षमता, म्हणजे लहर वाकवण्याची ताकद, आणि तिच्यातून तापमान आणि बाष्प. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गृहीत धरलेलं असतं. हे सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

अपवर्तनक्षमता = ७७.६ × (दाब ÷ तापमान) + ३,७३,००० × (बाष्पदाब ÷ तापमानाचा वर्ग)

दाब हेक्टोपास्कलमध्ये, तापमान केल्विनमध्ये. समीकरण एक आणि त्यात तापमान व बाष्प अशा दोन अज्ञात गोष्टी. (दाब थरांच्या वजनावरून काढता येतो.) बारावीचा विद्यार्थीसुद्धा सांगेल की एका समीकरणातून दोन अज्ञात सुटत नाहीत. माझी फजिती झाली ती नेमकी इथे. सहाव्या पायरीत तिचा हिशेब मांडतो.

जाता जाता एक गोष्ट. आयनोस्फिअरमधले, म्हणजे हवेच्या अगदी वरच्या विद्युतभारित थरातले, इलेक्ट्रॉनही लहरीला उशीर करतात. तो भाग वजा करण्यासाठी जीपीएसच्या दोन वेगवेगळ्या वारंवारता वापरतात, १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झ. इलेक्ट्रॉनचा परिणाम वारंवारतेनुसार बदलतो, हवेचा बदलत नाही. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘प्रथम’ उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्हीवरून गेला, त्याचा उद्देश हेच इलेक्ट्रॉन मोजण्याचा होता. एकाला जी अडचण ती दुसऱ्याचा विषय.

२. उपग्रह निवडा

सुरुवातीला एकच मोहीम धरा: कॉस्मिक-२. तैवान आणि अमेरिका यांची ही जोडमोहीम, सहा उपग्रहांची, २५ जून २०१९ रोजी फाल्कन हेवी रॉकेटवरून गेली. तैवानी नाव फॉर्मोसॅट-७. तिच्या आधीची कॉस्मिक-१ एप्रिल २००६ मध्ये गेली होती आणि २०२० मध्ये बंद झाली.

‘छोटा’ हा शब्द इथे सैल आहे. पहिल्या कॉस्मिकचा एकेक उपग्रह साठ-सत्तर किलोचा, म्हणजे एका माणसाएवढा. दुसऱ्या पिढीचे तीनशे किलोच्या आतबाहेरचे. स्पायर या खासगी कंपनीचे उपग्रह तर बुटांच्या खोक्याएवढे, पाचेक किलोचे, आणि तेही हेच पिधान मोजतात. आपला हवामान उपग्रह इन्सॅट-३डीआर उड्डाणाच्या वेळी २,२११ किलोचा होता, त्याच्यापुढे हे सगळे चिल्लर. पण इन्सॅट एकाच जागेवरून खाली बघतो, हे कडेने हवा कापतात. कामं वेगळी.

कॉस्मिक-२ घ्यायचं कारण भूगोलात आहे. हे उपग्रह विषुववृत्ताशी फक्त २४ अंशांचा कोन करून फिरतात. म्हणजे त्यांची धाव साधारण कर्कवृत्तापर्यंत, आणि महाराष्ट्र-गोवा बरोबर त्या पट्ट्यात. लंडनच्या माणसाला या मोहिमेतून काहीच मिळत नाही, आपल्याला भरपूर मिळतं. स्पायर वगैरे खासगी कंपन्यांच्या डेटाला परवान्याच्या अटी असतात, त्या वाचल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

२६ जुलै २००५ चा, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवसाचा आलेख काढायची इच्छा प्रत्येकाला होते. मलाही झाली. तेव्हा कॉस्मिक-१ सुद्धा गेलं नव्हतं. चॅम्पसारखे एकदोन उपग्रह जगभरात मिळून दिवसाला दोनशेच्या आसपास नोंदी घेत होते, त्यातली एखादी नेमकी आपल्यावर पडणं म्हणजे लॉटरी.

३. काय काय लागेल

- आठ जीबी रॅमचा लॅपटॉप. नसेल तर गूगल कोलॅब चालतं, पण तिथलं सत्र बंद झालं की उतरवलेल्या फाइली जातात. त्या ड्राइव्हवर ठेवत जा.
- पायथॉन, आणि त्यात एक्सअ‍ॅरे, नेटसीडीएफ४, नमपाय, मॅटप्लॉटलिब ही पॅकेजेस.
- कोड लिहायचा नसेल तर नासाच्या गॉडर्ड संस्थेचं पॅनोप्ली हे सॉफ्टवेअर, फुकट आहे. त्याला जावा लागतं. एकेक फाइल बघायला उत्तम, शेकडो फाइली चाळायला निरुपयोगी.
- विंडोज असेल तर दाबलेल्या फाइली सोडवायला सेव्हन-झिप.
- वर्षातले दिवस १ ते ३६५ असे मोजलेलं एक कॅलेंडर. छापून भिंतीवर लावा.
- एक वही. कोणत्या तारखेला कोणती फाइल, कोणत्या आवृत्तीची उतरवली, ते लिहायला. हिचं महत्त्व आठव्या पायरीत कळेल.

कागदपत्रं काहीच लागत नाहीत. कॉस्मिकच्या फाइलींसाठी खातंही उघडावं लागत नाही. नासाचा इतर डेटा हवा असेल तर अर्थडेटाचं फुकट खातं काढावं लागतं, आणि इस्रोच्या मोसडॅक या डेटाच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते.

४. दिवस ठरवा आणि घड्याळ बदला

मी १९ जुलै २०२३ निवडला. त्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. आम्ही त्याच बाजूचे, तो पाऊस अंगावर घेतलेला आहे, म्हणून त्या दिवशी वर काय होतं ते बघायचं होतं. तुम्ही तुमचा दिवस निवडा, पण तुम्हाला आठवणारा निवडा. आलेखात काही विचित्र दिसलं तर मनात ताळा करता येतो.

फोल्डर महिन्यांचे नसतात, वर्षातल्या दिवसांचे असतात. १९ जुलै हा २०२३ मधला दोनशेवा दिवस. लीप वर्षात तोच २०१ वा होतो. फेब्रुवारीनंतरची कुठलीही तारीख काढताना हा एक दिवस हमखास चुकतो.

दुसरा सापळा वेळेचा. सगळ्या वेळा जागतिक वेळेत असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १९ तारखेच्या रात्री साडेदहाला तिकडे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात, तारीख तीच. पण २० तारखेच्या पहाटे तीनची नोंद हवी असेल तर ती दोनशेव्या दिवसाच्याच फोल्डरमध्ये असते, कारण तिकडे अजून १९ तारखेचे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. आपल्या सकाळी साडेपाचला तिकडची तारीख बदलते, एवढं लक्षात ठेवा.

५. फाइल उतरवा, आणि नीट बघून उतरवा

डेटा ठेवलेला आहे अमेरिकेत बोल्डर या गावी, युकार नावाच्या संस्थेच्या कॉस्मिक केंद्रात. त्यांच्या संकेतस्थळावर मोहीम, मग प्रक्रियेचा प्रकार, मग पातळी, मग वर्ष, मग दिवस, असे फोल्डर एकात एक उघडत जायचं. दुसऱ्या पातळीच्या फोल्डरमध्ये बरीच गाठोडी, म्हणजे एकत्र बांधून दाबलेल्या फाइली, दिसतील. त्यातली दोन आपल्या कामाची:

- ‘एटीएम-पीआरएफ’ नावाने सुरू होणारं. यात वाकण्याचा कोन, अपवर्तनक्षमता आणि ‘कोरडं’, म्हणजे बाष्प नाहीच असं धरून काढलेलं, तापमान असतं.
- ‘वेट-पीएफ-२’ नावाने सुरू होणारं. यात बाष्प धरून काढलेलं तापमान, बाष्पदाब आणि दाब असतात.

दोन्ही उतरवा. आयनोस्फिअरच्या फाइलींना हात लावू नका, त्या वेगळ्या दुनियेतल्या.

गाठोडं दोनदा सोडावं लागतं: आधी जीझिप, मग टार. आत चार-पाच हजार चिमुकल्या फाइली असतात, एका पिधानाची एक. मी त्या डेस्कटॉपवर सोडल्या. अँटिव्हायरसने एकेक फाइल तपासायला घेतली आणि लॅपटॉप अर्धा तास पंखा फिरवत बसला. वेगळ्या ड्राइव्हवर, वेगळ्या फोल्डरमध्ये सोडा, आणि ते फोल्डर एक्सप्लोररमध्ये उघडायच्या फंदात पडू नका.

या फाइलींच्या नावाच्या शेवटी ‘एनसी’ असतं, पण त्याआधी टिंब नसतं, अंडरस्कोर असतो. त्यामुळे कॉम्प्युटरला ही कुठल्या प्रकारची फाइल ते कळत नाही आणि डबल क्लिक केल्यावर ‘कशाने उघडू?’ असं विचारतो. फाइल खराब नाही. पायथॉनमध्ये थेट उघडते. पॅनोप्लीने नखरे केले तर अंडरस्कोर काढून टिंब टाका.

नाव वाचायला शिका, त्यात सगळी जन्मपत्रिका असते. ‘सी२ई१’ म्हणजे कॉस्मिक-२ च्या सहापैकी पहिला उपग्रह. मग वर्ष, दिवस, तास, मिनिट. मग ‘जी’ आणि आकडा, म्हणजे जीपीएसचा कितवा उपग्रह मावळत होता. ‘जी’ऐवजी ‘आर’ असेल तर तो रशियाच्या ग्लोनासचा.

६. महाराष्ट्राची चौकट आणि पहिला आलेख

पाच हजारांतल्या आपल्या किती? आधी कागदावर अंदाज काढा. उपग्रह २४ अंशांपर्यंतच फिरले तरी कडेने बघत असल्यामुळे त्यांच्या नोंदी साधारण ४५ दक्षिण ते ४५ उत्तर अक्षांशांपर्यंत पसरतात; त्या पट्ट्याचं क्षेत्रफळ साधारण ३६ कोटी चौरस किलोमीटर. आपली चौकट घेऊ अक्षांश १५.५ ते २२.५, रेखांश ७२.५ ते ८१. ती भरते सुमारे ६.९ लाख चौरस किलोमीटर. दिवसाला ४,५०० नोंदी धरल्या तर आपल्या वाट्याला आठ-नऊ, आणि नुसत्या महाराष्ट्राच्या ३.०८ लाखांवर चार. नोंदी काही सारख्या पसरलेल्या नसतात, त्यामुळे एखाद्या दिवशी पंधरा येतील, एखाद्या दिवशी चार. पण तुमच्या कोडने साठ काढल्या तर चौकट चुकली आहे, आणि शून्य काढल्या तर अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली आहे. हा हिशेब मी आधी केला असता तर एक अख्खी संध्याकाळ वाचली असती.

प्रत्येक फाइलच्या डोक्यावर त्या पिधानाचे अक्षांश-रेखांश आणि ‘बॅड’ नावाची एक खूण असते. चौकटीत बसणाऱ्या आणि ‘बॅड’ शून्य असलेल्या फाइलीच ठेवा. या खुणेकडे दुर्लक्ष केलंत तर काही आलेख इतके वेडेवाकडे येतील की आपणच काहीतरी मोठं शोधलं असं वाटेल. फाइलीत उणे ९९९ दिसलं तर ते तापमान नव्हे, ‘इथे नोंद नाही’ असा त्याचा अर्थ. आधी ते गाळा.

आता आलेख काढा. आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची. एकाच पिधानाची कोरडी फाइल आणि बाष्पाची फाइल एकावर एक काढा, वेगळ्या रंगांत. दहा किलोमीटरच्या वर दोन्ही रेषा एकमेकींवर बसतील. खाली येताना त्या फाकतील, आणि कोकणावर जुलैत असल्या फाकतील की बघत राहाल.

का, ते पहिल्या पायरीतल्या सूत्राने बघू. मान्सूनमध्ये दोन किलोमीटरवर दाब ८००, तापमान २९० केल्विन म्हणजे १७ सेल्सियस, बाष्पदाब १५ धरू. पहिलं पद येतं २१४. दुसरं, बाष्पाचं, साडेसहासष्ट. एकूण साधारण २८०. उपग्रहाला फक्त हा २८० दिसतो. कोरड्या फाइलीचं गणित बाष्प शून्य धरतं, म्हणजे सगळे २८० कोरड्या हवेच्या माथी मारतं. तेवढं वाकवायला कोरडी हवा खूप दाट हवी, आणि त्या दाबाला एवढी दाट हवा म्हणजे भयंकर थंड हवी. त्या दाट हवेच्या वजनामुळे गणितातला दाबही थोडा वाढतो, तरी तापमान उणे तीसपर्यंत घसरतं. माथेरानचा बर्फ हा खरं तर मान्सूनचं बाष्प होता, मी त्याला चुकीच्या रकान्यात टाकलं होतं. नववीत कोणी एका बाजूचं पद दुसरीकडे न्यायला विसरतं, तसंच.

कोरडी फाइल मग फेकून द्यायची का? अजिबात नाही. वरच्या थरांत बाष्प नगण्य असतं, तिथे ही फाइल अधिक शुद्ध, कारण तिच्यात गृहीतकं कमी. बाष्पाच्या फाइलीत दोन अज्ञात सोडवण्यासाठी हवामानाच्या मॉडेलचा आधार घेतलेला असतो. म्हणजे ती फाइल घेऊन ‘बघा, मॉडेल किती बरोबर आलं’ असं म्हणायला गेलात तर मॉडेलची परीक्षा त्याच्याच उत्तरपत्रिकेवर घेतल्यासारखं होईल.

आलेख बरोबर आहे ना हे तपासायला दोन जागा बघा. जुलैत आपल्याकडे शून्य अंशाची रेषा साडेपाच किलोमीटरच्या आसपास असते. आणि सर्वांत थंड बिंदू १६ ते १७ किलोमीटरवर, उणे ७५ ते उणे ८० सेल्सियसच्या घरात. तिथून वर तापमान पुन्हा वाढायला लागतं, आलेखाला कोपर फुटल्यासारखं दिसतं. हे कोपर स्वच्छ आणि टोकदार दिसलं की समजा जमलं.

उंचीबद्दल एक इशारा. कोरड्या फाइलीत ‘इम्पॅक्ट हाइट’ नावाची आणखी एक उंची असते. ती वाकलेल्या किरणाच्या भूमितीतून येते आणि जमिनीलगत खऱ्या उंचीपेक्षा दोन किलोमीटरहून जास्त भरते. ती उभ्या अक्षावर घेतलीत तर खालची हवा दोनेक किलोमीटर वर सरकेल. ‘एमएसएल’ (समुद्रसपाटीपासूनची) लिहिलेली उंची घ्या.

७. ‘हा आलेख कुठला?’ या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा

दुरुस्त केलेला आलेख मी त्या मॅडमना पाठवला. त्यांचा लगेच फोन. "आता बरोबर दिसतंय सर, पण हा खोपोलीचा की मुंबईचा?"

कोणाचाच नाही. किरण हवेतून आडवा जातो, त्यामुळे एकेक आकडा म्हणजे त्या किरणाच्या वाटेतल्या दोन-तीनशे किलोमीटर हवेची सरासरी. उभ्या दिशेने मात्र शंभर-दोनशे मीटरचा थरही वेगळा ओळखता येतो. उभा बारीक, आडवा भोंगळ. शिवाय पिधान चालू असताना किरणाचा तळबिंदूही जागा बदलतो. वरचा आकडा कोल्हापूरवरचा आणि खालचा रत्नागिरीच्या समुद्रावरचा असू शकतो. प्रत्येक उंचीचे अक्षांश-रेखांश फाइलीत दिलेले असतात, एकदा नकाशावर ठिपके टाकून बघा.

इर्शाळवाडीच्या दिवसाचंही तेच. समुद्रापासून घाटमाथ्यापर्यंतच्या हवेत त्या दिवशी बाष्प किती खचाखच होतं हे यातून दिसतं. त्या डोंगरावर काय झालं ते यातून दिसत नाही, आणि तसं लिहूही नये.

सगळ्या रेषा जमिनीपर्यंत पोचत नाहीत, हेही सांगून ठेवतो. काही एक-दोन किलोमीटरवरच तुटतात. अरबी समुद्रावर कोरड्या हवेखाली दमट थर अडकला की किरण इतका वाकतो की बाहेर निघतच नाही, आणि अशा ठिकाणी खालचे आकडे खऱ्यापेक्षा कमी निघतात.

ताळा करायला फुग्याची नोंद घ्या. हवामान विभाग सांताक्रूझ, नागपूर, पणजी अशा ठिकाणांहून उपकरणं बांधलेले फुगे सोडतो, मुख्य वेळा जागतिक ०० आणि १२, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच. वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्या नोंदी फुकट मिळतात. मुंबईचा केंद्र क्रमांक ४३००३, नागपूरचा ४२८६७. फुग्यापासून तीनशे किलोमीटर आणि तीन तासांच्या आतलं पिधान शोधा. तुलना उंचीवर करू नका, दाबावर करा, म्हणजे उंचीच्या व्याख्यांची भानगड मिटते. दहा ते पंचवीस किलोमीटरमध्ये फरक एक-दोन अंशांचा आला तर छान. खाली बाष्पात फरक जास्त येईल. फुगा एका रेषेत वर जातो आणि किरण अख्ख्या जिल्ह्यांची सरासरी काढतो, मग तो येणारच.

८. हवामानबदलाबद्दल काही म्हणायचं असेल तर

इथे नवखा माणूस सर्वांत जास्त घसरतो. पाच जुलै महिन्यांची सरासरी काढायची, रेषा टाकायची आणि ‘महाराष्ट्रावरची हवा इतकी तापली’ असा मथळा द्यायचा. हे करू नका.

या पद्धतीची ताकद हीच की ती वेळ मोजते, आणि वेळेचं माप अणुघड्याळाला बांधलेलं असतं. कॅमेऱ्यासारखी भिंग मळण्याची किंवा संवेदक म्हातारा होण्याची भीती नाही. म्हणून वेगवेगळ्या उपग्रहांच्या नोंदी एकापुढे एक जोडता येतात, आणि २००१ पासूनची सलग मालिका त्यातून उभी राहिली आहे. आपल्या ओशनसॅट-२ आणि मेघा-ट्रॉपिक्सवरही पिधान मोजणारं उपकरण होतं. कार्बन डायऑक्साइडमुळे खालची हवा तापते आणि वरचा स्थितांबर हा थर थंडावतो. ही जोडगोळी बघायला आठ ते तीस किलोमीटरचा टापू सर्वांत महत्त्वाचा, आणि पिधान तिथेच सर्वांत अचूक.

पण त्याच टापूत विषुववृत्तावरचे वारे दिशा बदलतात, परत मूळ दिशेला येतात, हे पूर्ण चक्र साधारण २८ महिन्यांचं, आणि ते तापमान वरखाली करतं. मध्ये एल निनो येतो. पाच वर्षांच्या रेषेत हे सगळं मिसळलेलं असतं.

दुसरं म्हणजे फाइलीची आवृत्ती. तातडीने काढलेल्या फाइली हवामानाच्या अंदाजासाठी असतात, आणि त्यांची प्रक्रिया मधूनच बदलते. ज्या दिवशी सॉफ्टवेअर बदललं त्या दिवशी आलेखात पायरी येते, आणि ती हवामानातली वाटते. दीर्घकाळाचं काम करायचं तर पुनर्प्रक्रिया केलेल्या फाइलीच घ्या, आणि दोन प्रकार एकत्र मिसळू नका. वहीत आवृत्ती लिहायला सांगितलं ते यासाठी.

सर्वांत सोपी वाट म्हणजे युरोपच्या रॉम-सॅफ केंद्राने तयार केलेल्या मासिक सरासरीच्या फाइली. त्या अक्षांशांच्या पट्ट्यांप्रमाणे असतात, नुसत्या महाराष्ट्राच्या नाहीत. मला त्यातला उष्णकटिबंधाचा पट्टा वर्गात दाखवायला पुरतो.

९. यापुढे

पिधान जमलं की आणखी दोन मोहिमा बघण्यासारख्या. सिग्नस हे आठ छोटे उपग्रह, प्रत्येकी तीस किलोच्या आत, डिसेंबर २०१६ मध्ये गेले. ते जीपीएसची समुद्रावरून परावर्तित झालेली लहर पकडतात आणि लाटांच्या खडबडीतपणावरून वारा काढतात. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांसाठी कामाचे, जमिनीवरच्या वाऱ्यासाठी नाहीत. ट्रॉपिक्स ही पाचेक किलोच्या उपग्रहांची मोहीम मायक्रोवेव्हमधून वादळाच्या आतलं तापमान आणि बाष्प बघण्यासाठी आखलेली. तिचे पहिले दोन उपग्रह जून २०२२ मध्ये रॉकेट फसल्याने गेले, पुढचे चार मे २०२३ मध्ये न्यूझीलंडहून सुटले. त्यामुळे जुन्या तारखा शोधताना त्यांच्याही आधी सोडलेल्या एका चाचणी उपग्रहाचा एकट्याचा डेटा मिळेल, तो बाकीच्यांशी मिसळू नका.

विद्यार्थी हटकून विचारतात, ‘सर, आपणच असा उपग्रह बनवायचा का?’ पुण्याच्या सीओईपीच्या मुलांचा ‘स्वयम्’ जून २०१६ मध्ये गेला, किलोभराचा. त्याच उड्डाणात चेन्नईच्या सत्यभामा विद्यापीठाचा उपग्रह हरितगृह वायू मोजायला गेला. म्हणजे होतं. पण त्याला बरीच वर्षं लागतात आणि मुलांच्या पिढ्या बदलतात. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आधी एका पिधानाची फाइल देतो, दोन रेषा काढायला सांगतो आणि त्या खाली का फाकल्या ते विचारतो.

कोडमध्ये कुठे अडलात तर फाइलीचं पूर्ण नाव, त्यातला ‘बॅड’चा आकडा आणि पडद्यावर आलेला एररचा संदेश जसाच्या तसा कळवा. ‘आलेख येत नाही’ एवढ्यावर मला काही सांगता येत नाही.